खंड्याला फूस

‘सलीम अली स्वतः बंदूक घेऊन पक्षी मारत हिंडायचे. मी नुसता मोबाइल वाजवला.’ होडीतल्या त्या गृहस्थांचं हे उत्तर मला अजून सलतंय.

जागा गोव्यातलं चोडण बेट. रायबंदरहून फेरीबोटीनं मांडवी ओलांडली की धक्क्याला लागूनच सलीम अली पक्षी अभयारण्य. १९८८ साली जाहीर झालेलं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं, सगळी खारफुटी. आत पायवाट आहे, पण आम्ही भरती साधून होडी केली. होडीवाला जाणता. आम्ही दुर्बीण सावरेपर्यंत ‘थंय पळयात’ म्हणून मोकळा.

आम्हाला हवा होता पांढऱ्या गळपट्टीचा खंड्या. आपल्या विहिरीवरचा, तारेवरचा खंड्या तपकिरी पोटाचा; हा पोटाशी पांढराशुभ्र, पाठीला हिरवट निळा. बराच वेळ त्याचा पत्ता नव्हता. मग पुढच्या फळीवरच्या गृहस्थांनी मोबाइलला छोटा स्पीकर जोडला आणि त्याच खंड्याची हाक वाजवली.

तो आलाच, पण आला भांडायला. आपल्या हद्दीत दुसरा कुणी घुसलाय अशी त्याची समजूत. चोचीत खेकडा होता, लहानसा, एक नांगी अजून हलत असलेला. ओरडायचं म्हणजे चोच उघडायला हवी; त्यानं खेकडा टाकला. हातातोंडाशी आलेला घास! खेकडा पाण्यात गडप. स्पीकर चालूच, कॅमेरे चालूच. खंड्या या फांदीवरून त्या फांदीवर, घसा फोडून ओरडतोय आणि वैरी काही दिसत नाही. मी होडीवाल्याकडे पाहिलं. तो वल्ह्याकडे पाहत होता. बक्षिशी देणाऱ्याला अडवायचं कुणी?

शेवटी मी बोललो, तेव्हा ते वरचं उत्तर मिळालं.

माहिती खोटी नाही. सलीम अलींची सुरुवातच लहानपणी छर्‍याच्या बंदुकीनं पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीपासून झाली. पुढेही अभ्यासासाठी त्यांनी पुष्कळ पक्षी मारले. पण ते नमुने संग्रहालयांत गेले, त्यातून पक्ष्यांची ओळख पटली. इथं काय? आज या होडीतून हाक, उद्या त्या होडीतून, आणि खंड्या तोच. अभयारण्यात आवाज लावायला कडक मज्जाव हवा. आणि ते काम एकट्या होडीवाल्याच्या गळ्यात मारू नये. त्याला पुरेसे पैसे आधीच मिळाले तर तो ‘नको’ म्हणेल. बक्षिशीवर पोट असेल तर कसा म्हणेल?

तरी खरं सांगायचं तर हाक लावली नसती, तर तो खंड्या मला बहुधा दिसलाच नसता. डोळ्यातून निघून मानेमागे गेलेला त्याचा काळा पट्टा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला, आणि हरखलोही. परतताना फेरीबोटीत त्या गृहस्थांनी माझा नंबर घेतला, फोटो पाठवतो म्हणाले. पाठवला नाही. मागावा की नाही, माझं अजून ठरत नाही.