पेलिकनचे घरटे आणि पेलिकनचे तळे

दिवाळी अंकासाठी पेलिकनच्या स्थलांतराविषयी लिहावे, असे संपादकांचे आग्रहाचे पत्र आले, आणि त्या पत्रातही या पक्ष्यांचा उल्लेख ‘सैबेरियाचे पाहुणे’ असाच असल्यामुळे मूळ विषयाकडे वळण्याआधी या समजुतीचा परामर्श घेणे मला भाग आहे. आंध्रप्रदेशाच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातील तेलिनीलापुरम या गावी दर हिवाळ्यात पेलिकन झाडांवर घरटी करतात. तेथे २०२१ च्या अखेरीपासून पुढच्या काही आठवड्यांत शंभराहून अधिक पेलिकन मरून पडले. त्याआधी २०१७-१८ च्या हिवाळ्यात कर्नाटकातील कोक्करेबेळ्ळूर येथेही तोच प्रकार घडला होता, आणि दोन्ही ठिकाणी शवचिकित्सेत पक्ष्यांच्या पोटात सूत्रकृमींचा अतोनात प्रादुर्भाव आढळला. या बातम्या वाचून ज्यांनी ज्यांनी मजकडे विचारणा केली, त्यांची हळहळ दूरदेशीच्या पाहुण्यांसाठी होती. हे मला आजही सलते.

मेलेला पक्षी पाहुणा नव्हता. तो करड्या वर्णाचा, चोचीच्या कडेने ठिपके मिरवणारा पेलिकन, शास्त्रीय नावाने पेलेकॅनस फिलिपेन्सिस. जगात पेलिकनच्या आठ जाती आहेत व त्यांपैकी तीन भारतात दिसतात. पांढरा, विणीच्या दिवसांत गुलाबी झाक धारण करणारा पेलिकन, ज्याला आपले पक्षिमित्र गुलाबी झोळीवाला म्हणतात, आणि मानेवर कुरळी पिसे असलेला डाल्मेशियन पेलिकन, हे दोघे उत्तरेकडून हिवाळ्यापुरते गुजरात-राजस्थानच्या जलाशयांवर उतरतात, आणि त्यांना पाहुणे म्हणण्यास माझी हरकत नाही. ठिपकेवाल्याची वीण मात्र भारत, श्रीलंका आणि कंबोडिया एवढ्याच मुलुखांत होते. १९४६ साली के. के. नीलकंठन यांना कोल्लेरू सरोवरानजीक आरेडू येथे ताडांवर वसलेली जी विस्तीर्ण वसाहत आढळली व जी पुढे लयास गेली, ती याच पक्ष्याची होती. हा पक्षी हिंडतो हे खरे. परंतु त्याचे हिंडणे थंडीपासून पळण्यासाठी नसून पाण्यामागे जाण्यासाठी असते. पावसाने तळी भरली की घरटी, आणि उन्हाळ्यात ती आटू लागली की पांगापांग, असा हा क्रम आहे. याला स्थलांतर म्हणावे की स्थानिक संचार, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मी संचाराच्या पक्षाचा आहे, आणि या पक्षाला मी इतका चिकटून राहतो याचे कारण केवळ शास्त्रीय नाही. पक्षी परदेशचा ठरला की त्याची प्रकृती परदेशातच बिघडली असेल असे गृहीत धरून आपण मोकळे होतो, आणि तो जेथे रोज मासे खातो त्या शेजारच्या तळ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

खऱ्या स्थलांतराची थोरवी मला अमान्य आहे असे मात्र कोणी समजू नये. डॅन्यूब नदीच्या त्रिभुज प्रदेशात जन्मलेले पांढरे पेलिकन शरद ऋतूत बल्गेरिया, तुर्कस्तान व इस्राएल या मार्गाने आफ्रिकेत उतरतात. दहा किलोच्या आसपास भरणारा हा पक्षी केवळ पंख मारून एवढी मजल गाठू शकत नाही. सूर्य वर येऊन जमीन तापली म्हणजे जे उष्ण हवेचे स्तंभ वर चढतात, त्यांत घिरट्या घेत तो उंची मिळवतो आणि पुढील स्तंभापर्यंत पंख पसरून घसरत जातो. म्हणून तो भल्या पहाटे निघत नाही, आणि खुल्या समुद्रावरून जाणे शक्य तो टाळतो. थवा ओळीने उडतो, त्यालाही सबळ कारण आहे. हेन्री वाइमर्सकर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेनेगलमधील शिकवलेल्या पेलिकनांच्या हृदयाचे ठोके उडता उडता मोजले आणि २००१ साली दाखवून दिले की, ओळीत उडणाऱ्याची ११ ते १४ टक्के शक्ती वाचते. इतके करूनही वाटेत अन्न लागतेच. इस्राएलमधील मत्स्यपालकांच्या तळ्यांवर हे थवे उतरू लागले, तेव्हा त्यांना हुसकावण्यावरच विसंबून न राहता तेथे ठरावीक जलाशयांत त्यांच्यासाठी मासे सोडण्याची व्यवस्था झाली. आपल्याकडे तसा विचार मांडला की लोक हसतात, याचे मला वाईट वाटते.

आता भक्षणाविषयी. झोळीत मासे साठवून पेलिकन ते घरट्याकडे वाहून नेतो, हा समज शाळेच्या पुस्तकांपासून व्यंगचित्रांपर्यंत सर्वत्र पसरलेला आहे आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे. झोळी हे जाळे आहे. खालच्या जबड्याच्या दोन लवचीक फांद्या पाण्यात शिरताच धनुष्याप्रमाणे बाहेर वाकतात, त्यांमधली कातडी पाण्याच्या दाबाने फुगते आणि मासा पाण्यासकट आत येतो. मग पक्षी चोच छातीकडे झुकवून पाणी कडेने हळूहळू गळू देतो. हे जवळून पाहावे असे दृश्य आहे. पातळ झालेल्या झोळीतून रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते, आतल्या माशाची धडपड बाहेरून कळते, आणि पाणी संपताच मान वर जाऊन मासा तत्काळ गिळला जातो. पिलांचे अन्न जठरातून येते. लहान पिलाला अर्धवट पचलेला रस मिळतो, मोठे पिलू आईबापाच्या घशात डोके खुपसून आपला वाटा काढते. ठिपकेवाला बहुधा एकटा मासे धरतो. पांढरे पेलिकन मात्र अर्धवर्तुळ करून, पंख आपटीत, कोकणातल्या रापणीप्रमाणे मासा उथळ पाण्याकडे रेटतात आणि सर्वांच्या चोची जणू एकाच हुकमाने पाण्यात बुडतात.

घरट्याची जागा आणि माशांची जागा या दोन वेगळ्या असतात, हे इथिओपियातील शाला सरोवराइतके स्पष्टपणे इतरत्र क्वचितच दिसते. लेस्ली ब्राउन व एमिल अर्बन यांनी १९६९ साली तेथील पांढऱ्या पेलिकनांचा जो वृत्तांत प्रसिद्ध केला, तो मी माझ्या विद्यार्थ्यांना आग्रहाने वाचावयास लावतो. शाला खोल आहे, त्यातील बेट श्वापदांपासून सुरक्षित आहे, पण पाण्यात पेलिकनला पुरेल असा मासा नाही. म्हणून आईबाप मधला डोंगर उष्ण हवेच्या आधाराने ओलांडून शेजारच्या अबियाटा सरोवरावर मासे खाण्यास जात. पुढे सिंचनासाठी आणि सोडा अ‍ॅशच्या कारखान्यासाठी पाणी उपसले गेले, अबियाटा आक्रसून खारट झाले, मासा नष्टप्राय झाला आणि पेलिकनांची ती वसाहत खालावली. शालाच्या बेटाला कोणी धक्का लावला नव्हता.

आपल्याकडील नेलपट्टूचे पेलिकन पुलिकत सरोवरावर मासे खातात, कोक्करेबेळ्ळूरचे आसपासच्या तलावांवर. गावकऱ्यांनी चिंचेची व पिंपळवर्गीय झाडे पक्ष्यांसाठी राखली, याचे कौतुक व्हावे तितके थोडेच; परंतु जो कृमी पक्ष्याला मारतो, तो झाडावर येऊन चिकटत नाही. अशा सूत्रकृमींची अंडी पक्ष्याच्या विष्ठेतून पाण्यात पडतात, अळ्या सूक्ष्म कवचधारी जीवांच्या पोटी जातात, ते जीव लहान माशांच्या, लहान मासे मोठ्यांच्या, आणि शेवटी मासा पुन्हा पेलिकनच्या. थोडे कृमी निरोगी पेलिकनच्या पोटातही असतात व तो ते सहन करतो. मग त्या दोन हिवाळ्यांत भार एवढा का वाढला? तळी आटून मासे आणि पक्षी एकाच डबक्यात दाटले, की मत्स्यशेतीच्या दाट साठवणीने कृमींना सोय झाली, की पक्षी आधीच अशक्त होते? मला मत्स्यतळ्यांचा संशय अधिक येतो, पण संशयाला दाखला म्हणत नाहीत. दाखला मिळवण्यासाठी मी एका कार्यालयाकडे अर्ज केला, तेव्हा तळी खाजगी मालकीची असून ती आमच्या हद्दीत येत नाहीत, असे उत्तर आले. ज्यांच्या हद्दीत ती येतात, त्यांच्या दफ्तरी पक्ष्यांचा विषयच नाही. पुढची घरटी बांधली जाण्यापूर्वी वसाहतीभोवतालच्या तळ्यांतील मासे चिरून त्यांतील अळ्या मोजाव्या लागतील, आणि त्यासाठी आधी त्या तळेवाल्यांच्या दारी जाऊन त्यांची संमती घ्यावी लागेल. ते काम मी या हिवाळ्यात आरंभणार आहे.