शब्दांची सोयरीक

इंग्रजी शब्द पाठ होत नाहीत, अशी तक्रार घेऊन विद्यार्थी व त्यांचे पालक मजकडे नेहमी येतात. घोकंपट्टीस मी सर्वस्वी नावे ठेवीत नाही. पाढे तिच्याच बळावर आपल्या जिभेवर बसले. परंतु ज्या शब्दास मनात कोणी सोयरा नाही, तो परीक्षेच्या दिवशी हाक मारूनही ओ देत नाही.

म्हणून मुले युक्त्या काढतात. 'पेल' म्हणजे फिकट. ज्यास ओझे पेलत नाही त्याचे तोंड फिकट पडते, असे आमच्या वर्गाने ठरविले. युक्ती उत्तम लागू पडली. पण पुढे एका धड्यात पाण्याचा 'पेल' आला आणि अर्ध्या वर्गाने विहिरीतून फिकट पाणी काढले! उच्चार तोच, परंतु हा 'पेल' म्हणजे बादली, व त्याच्या स्पेलिंगात 'ए'च्या पाठोपाठ 'आय' येतो. तेव्हा पारनेरकडील एक अबोल मुलगा, ज्याने इंग्रजीच्या तासास वर्षभर तोंड उघडले नव्हते, उठून म्हणाला, "सर, ज्या पेलात आय हाय, ती बादली. पाणी आयच आणती." वर्ग हसला. मला हसू आले नाही. आमच्या या कमी पावसाच्या मुलखात उन्हाळ्यात आय किती लांबून पाणी आणते, हे ज्याने पाहिले आहे तो ते स्पेलिंग विसरणे शक्य नाही.

हे नाते अर्थात मानलेले. काही नाती मात्र रक्ताची असतात. प्रवरानगरास १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून त्या भागातील मुलांस साखर घरचीच. पण 'शुगर' हा शब्दही आपल्याच 'शर्करे'चा वंशज आहे, हे ऐकून ती चकित होतात. फारशी, अरबी, लॅटिन व फ्रेंच अशी घरे फिरून तो इंग्रजीत गेला. 'कँडी' ही 'खंड' शब्दाची नात, आणि 'मंगूज' तर आपले बांधावरचे मुंगूसच. रक्ताचे कोणते व मानलेले कोणते, हे शिक्षकाने स्पष्ट सांगावे. एरवी मुले वाटेल त्या शब्दांची लग्ने लावितात!

इंग्रजी न येणाऱ्या मातापित्यांसही येथे काम आहे. "हा शब्द ऐकून तुला काय आठवते?" एवढे रात्री विचारावे.

त्या मुलाच्या वहीचा समास आता अशा नात्यांनी भरला आहे. त्यांतील काहींचा अर्थ मला लागत नाही, व मी तो विचारीतही नाही.