इंदूरची राखी

माझी मावशी इंदूरला असते, म्हणून ही हकीकत मला कळली; एरवी मराठीच्या प्राध्यापिकेचा ख्रिस्ती सिस्टरांशी संबंध येतो कशाला!

सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या. उदयनगरच्या आदिवासी मुलखात त्यांनी लोकांना बँकेचे कर्ज कसे काढावे, सावकाराच्या दारी का जाऊ नये, हे शिकवले. प्रार्थनेइतकेच तेही त्यांना देवाचे काम वाटे. सावकारांना हे कसे रुचावे? २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरच्या बसमध्ये, उतारूंच्या देखत, त्यांना भोसकून मारण्यात आले. वय एक्केचाळीस. माझ्याहूनही लहान!

इथवर मी हळहळत ऐकले. पुढचे मात्र पचेना. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी त्याच पंथातली. २००२ साली तिने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. घरच्यांनीच त्याच्या सुटकेला संमती दिली. २००६ साली तो सुटला.

मी चिडून म्हटले, "एकीने न्यायासाठी मरायचे आणि दुसरीने माफी वाटायची?"

"अगं, माफ माणसाला केलंय," मावशी म्हणाली, "सावकारीला नाही. काम त्या बायांनी थांबवलं कुठे?"

वडिलांच्या घराच्या वाटणीवरून माझे धाकट्या भावाशी नऊ वर्षे बोलणे नाही. त्याने मला फसवले, हे आजही खरेच आहे. परवा त्याला पत्र लिहिले: 'भाऊबीजेला ये. येताना घराचे कागदही आण.' दुसरे वाक्य ठेवावे की खोडावे? पत्र अजून पर्समध्येच आहे.