एकट्याची होडी : हर्णै ते रत्नागिरी

सोमवार, हर्णै ते दाभोळ

पहाटे नांगर काढला आणि सुवर्णदुर्ग उजव्या हाताला ठेवून बाहेर पडलो. मतलई वारा डाव्या कुशीवर, समुद्र सपाट. जानेवारीत एकट्या माणसाला कोकण किनाऱ्यावर याहून बरी वेळ मिळत नाही. माझी होडी २२ फुटी. एक डोलकाठी, तिच्यामागे मोठं शीड, पुढे लहान. सुकाणूचा दांडा हातात धरला की होडीच्या मनात काय आहे ते लगेच कळतं. आज तो सारखा उजवीकडे पळू बघत होता, म्हणजे नाळ डावीकडे, वाऱ्यात शिरायला निघाली होती.

कारण साधं आहे. वारा शिडांवर जोर लावतो त्याचा एक मध्य असतो. बूड आडवं सरकायला विरोध करतं त्याचाही पाण्याखाली एक मध्य असतो. शिडांचा मध्य मागे सरकला की नाळ वाऱ्याकडे वळते, पुढे सरकला की वाऱ्यापासून पळते. दांडा ताणून धरला तर होडी सरळ जाते खरी, पण तिरकं सुकाणू म्हणजे पाण्यात दाबून धरलेला ब्रेक. शिवाय एकट्याचा हात तिथेच अडकतो. मग नकाशा कोण बघणार, चहा कोण करणार?

मोठ्या शिडाची दोरी हातभर सैल सोडली. दांडा नरमला. पुढे खाडीतून झोत यायला लागले, होडी कलली आणि ओढ पुन्हा वाढली. कललेल्या होडीचं शीड बाजूला, पाण्यावर झुकतं. तिथून मिळणारा रेटा नाळेला वाऱ्याकडे फिरवतो. अशा वेळी दांड्याशी झोंबू नये, मोठं शीड एक पट्टा आखूड करावं. वेग जाईल या भीतीने लोक हे टाळतात. प्रत्यक्षात होडी सरळ उभी राहते, सुकाणूचा अडथळा कमी होतो आणि वेग बहुधा तेवढाच राहतो.

तोळकेश्वरचं दीपगृह दिसेपर्यंत दांडा एका बाजूने दोरीने आणि दुसऱ्या बाजूने रबराने बांधलेला होता. मी अधूनमधून बोटभर सरकवायचो, इतकंच.

संध्याकाळी धक्क्यावर एका म्हाताऱ्या तांडेलांनी विचारलं, "एकटंच? मग सुकाणू कोण धरतो?"

"शिडं धरतात, काका."

ते हसले. "आमच्या शिडाच्या होडीत चार माणसं होती. होडी वळायला लागली की दोघांना इकडून तिकडे बसवायचो."

माझ्याकडे माणसं नाहीत, पाण्याचे वीस-वीस लिटरचे कॅन आहेत. रात्री ते नाळेजवळून मागे आणले. उद्या वारा मागून येणार, तेव्हा नाळ हलकी हवी.

मंगळवार, दाभोळ ते जयगड

सकाळ कालच्यासारखीच. गुहागरसमोर वारा पडला आणि तासभर शिडं नुसती फडफडली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

दुपारी खारा वारा आला, वायव्येचा. दक्षिणेला जाणाऱ्याला तो उजव्या बाजूने, तिरका, मागून लागतो. खरी परीक्षा इथे असते. प्रत्येक लाट मागचा भाग उचलून बाजूला ढकलते, बाहेर पसरलेलं मोठं शीड नाळेला वाऱ्याकडे फिरवतं आणि सकाळी शहाण्यासारखी चालणारी होडी नागमोडी जायला लागते. नुसता दांडा बांधून भागत नाही.

वेळणेश्वरच्या जरा अलीकडे मोठं शीड पूर्ण उतरवलं. आता फक्त पुढचं. जोर नाळेपाशी आल्यामुळे होडी पुढून ओढल्यासारखी चालते. मग त्या शिडाची दोरी कप्पीतून फिरवून दांड्याला वाऱ्याच्या बाजूने, म्हणजे उजवीकडून बांधली. डावीकडून रबरी नळी, रक्त काढताना दंडाला बांधतात तसली. होडी वाऱ्याकडे वळली की शिडावरचा ताण वाढतो, दोरी दांडा उजवीकडे ओढते आणि नाळ परत फिरते. वाऱ्यापासून जास्त पळाली की शीड ढिलं पडतं आणि रबर दांडा डावीकडे खेचून तिला पुन्हा वर आणतं. नळी किती ताणायची हे पुस्तकात सापडत नाही. गाठ मागेपुढे करत बसावं लागतं, आणि वारा बदलला की पुन्हा पहिल्यापासून. जयगडच्या दीपगृहापर्यंत हेच चाललं होतं.

जोशुआ स्लोकम या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या पहिल्या माणसाकडे यातलं काही नव्हतं. १८९७ मध्ये थर्सडे बेटापासून कोकोस कीलिंगपर्यंतचे २,७०० मैल त्याच्या 'स्प्रे'ने २३ दिवसांत कापले आणि त्यात चाकावर आपण एकूण तीन तासांहून जास्त नव्हतो, असं त्याने लिहून ठेवलं. चाक बांधलेलं आणि शिडं जुळवलेली. लोकांनी शंका घेतली, पण 'स्प्रे'चा तळ लांबलचक, नाळेपासून मागपर्यंत पोहोचणारा होता. असल्या होडीला वळायलाही वेळ लागतो आणि भरकटायलाही. माझ्या आखूड तळाच्या होडीकडून ती अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

बुधवार, जयगड ते रत्नागिरी

गणपतीपुळ्यासमोर जेवायला थांबलो, नांगर न टाकता. पुढचं शीड उलट्या बाजूला ओढायचं, मोठं जवळ घ्यायचं आणि दांडा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बांधायचा. एक शीड नाळेला पळवतं, दुसरं आणि सुकाणू मिळून तिला परत आणतात. होडी त्या भांडणात जवळपास जागच्या जागी हळूहळू सरकत राहते. एकट्या दर्यावर्दीने सर्वांत आधी शिकावी अशी युक्ती हीच.

रत्नागिरीच्या वाटेवर जाळ्यांचे बावटे जागोजागी होते. जुळवलेली होडी सरळ जाते, पण पुढे काय आहे ते तिला दिसत नाही.

जुळवणी मोठ्या शर्यतींतही सुटत नाही. भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांनी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला. त्या शर्यतीत विजेवर चालणाऱ्या स्वयंचलित सुकाणूला बंदी असते, वाऱ्यावर चालणारं पातं मात्र चालतं. पण शिडं जुळलेली नसतील तर असलं पातंही हतबल होतं. म्हणून यंत्र नंतर घ्या, आधी होडी जुळवा. आणि ती अगदी तंतोतंत जुळवू नका, वाऱ्याकडे वळायची थोडी ओढ राहू द्या. तुम्ही पाण्यात पडलात तर तशी होडी वाऱ्यात तोंड घालून मंदावण्याची निदान शक्यता तरी असते. दांडा बांधलेला असेल तर तीही भरवशाची नाही. म्हणून दांडा बांधण्याआधी कमरेची दोरी होडीला अडकवा.