भागाकाराचा ताळा

हिंजवडी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या काचेच्या इमारती उभ्या राहतात. तिथे बांधकामावर राबणाऱ्यांची मुले मात्र पत्र्याच्या खोल्यांत वाढतात. आमची खोलीही त्यांच्या शेजारीच. माझे वडील गवंडी. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. म्हणून वस्तीने मला परस्पर 'मॅडम' करून टाकले! गेले वर्षभर संध्याकाळी चौथी-पाचवीची आठ-नऊ मुले पाट्या घेऊन आमच्या दारात बसतात.

बेरीज, वजाबाकी, गुणाकार त्यांना जमतात. गाडी अडते ती भागाकारापाशी. हे दुखणे काही आमच्याच वस्तीचे नाही. 'प्रथम' संस्थेच्या २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे ३१ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले.

मुलांचे अडणे मला रास्तच वाटते. तीन क्रिया उजवीकडून करायला शिकवायच्या आणि चौथीला एकाएकी डावीकडे वळायचे! "ताई, असं का?" हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आला. भास्कराचार्यांनीही 'लीलावती'त (इ.स. ११५०) भागाकार सर्वांत मोठ्या स्थानापासूनच करायला सांगितला आहे, पण पाचवीच्या पोराला त्यांचा दाखला काय कामाचा? मी कागदाच्या नोटा केल्या. ६१२ रुपये सहा जणांत वाटायचे. शंभराच्या सहा नोटा, एकेकाला एक. दहाची एकच, ती सहा जणांना पुरत नाही, म्हणून दशकाच्या जागी शून्य. तिचे सुट्टे केले. दहा आणि दोन बारा, एकेकाला दोन. उत्तर १०२. आधी मोठी नोट वाटायची, उरेल तिचे सुट्टे करून पुढे जायचे. डावीकडून जाण्याचे कारण एवढेच. 'वरचा अंक खाली घेणे' म्हणजे सुट्ट्यांत सुट्टे मिसळणे. पूर्वी मधले शून्य गिळून १२ लिहिणारी मुले आता म्हणतात, "शंभराची नोट मिळाली, मग बाराच कसे?"

त्यानंतर मी ताळा शिकवते. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, बरोबर भाज्य. माझ्या आईला अक्षरओळख नाही. लहानपणी घरी माझी वही तपासणारे कोणी नव्हते. गणित चुकले की बरोबर आले, हे मला ताळ्यानेच सांगितले.

वस्तीतल्या एका मुलीची आई सहा बायकांच्या टोळीत उक्त्या कामावर जाई. एका शनिवारी टोळीचे ६,१२० रुपये झाले आणि मुकादमाने प्रत्येकीच्या हातावर हजार ठेवले. पोरीने पाटीवर भागाकार मांडला: १,०२०. खाली ताळाही केला आणि आईबरोबर पाटी घेऊन गेली. मुकादमाने पाटीकडे पाहिले आणि काही न बोलता सहाही जणींना वीस-वीस रुपये काढून दिले.

पुढे ते बांधकाम संपले आणि दिवाळीआधीच ते कुटुंब चाकणकडे गेले. दोन अंकी भाजक तिचा शिकायचा राहिला. मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जण अशा वस्त्यांच्या जवळ राहतात. बांधकामाबरोबर ही मुले गावे बदलतात आणि त्यांचे शिकणे तुकड्यातुकड्यांनी होते. चाकणला तिच्या खोलीजवळ तुमच्यापैकी कोणी राहत असेल, तर एवढेच सांगते: तिला सतराने भागायला शिकवा. सहाने तिला येते.