पूर्वेची भिंत

घरातल्या कामाच्या खोलीला रंग निवडायचा तर आधी खिडकी कुठल्या दिशेला आहे ते पाहावे, असे सगळेच सांगतात. जळगावात हा सल्ला अर्धाच उपयोगी पडतो. मार्च संपत आला की इथली पश्चिमेची खिडकी सकाळी अकराला बंद होते, ती दिवेलागणीपर्यंत उघडत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास घुटमळतो. खिडकीच्या अर्ध्या भागात कूलर बसवलेला असतो आणि उरलेल्या अर्ध्याला पुठ्ठा ठोकलेला असतो. म्हणजे वर्षातले तीन महिने, आणि तेही भर कामाच्या वेळात, खोली ट्यूबलाइटवर चालते. तेव्हा शेड कार्ड दुकानाच्या दारात उन्हात धरून पाहण्यात अर्थ नाही. ते घरी आणावे, खिडकी लावून घ्यावी, दिवा लावावा आणि जिथे बसून काम करायचे तिथे बसून पाहावे.

उदाहरणासाठी जुन्या जळगावातली एक खोली घेऊ. आठ बाय दहा, उंची साडेनऊ फूट, खिडकी पश्चिमेला. या खोलीला घरात ‘दप्तराची खोली’ म्हणत. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये दिवाणजी होते आणि हंगामात, दिवाळी ते होळी, रात्री वह्या घरी आणून बसत. गेल्या पावसाळ्यात ते गेले. मुलगा पुण्याच्या एका कंपनीचे काम २०२० पासून जेवणाच्या टेबलावर करत होता. आता खोली त्याच्याकडे आली. वडिलांची लाकडी खुर्ची हलवली तेव्हा पूर्वेच्या भिंतीवर, जमिनीपासून चार फुटांवर, दीड वीत रुंदीचा एक लंबगोल डाग दिसला. खोबरेल तेलाचा. हिशेब जुळला की वडील डोके मागे टेकत. जुळला नाही तरी टेकत.

डाग घरातल्यांना नवा नव्हता. आईने त्यावर कालनिर्णय टांगून पाहिले होते. वडिलांच्या डोक्याने ते रोज तिरके होई आणि सकाळी ती ते सरळ करी. नवे होते ते इतकेच की आता डागासमोर कोणी बसलेले नव्हते.

रंगकामाच्या दृष्टीने असा डाग हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. तेल गिलाव्यात मुरते. त्यावर पाण्यात कालवलेला कोणताही रंग दिला, चुना असो, डिस्टेंपर असो की इमल्शन, तरी तेल काही महिन्यांत त्यातून वर येते आणि जागा पुन्हा पिवळसर दिसू लागते. या भिंतीवर ते तीनदा घडले होते. त्याच्या उपायाकडे पुढे येऊच.

रंगाआधी भिंत तपासावी लागते. कूलर असलेल्या खोलीत ही तपासणी कूलरच्या बाजूने सुरू करावी. दमट हवा सतत आदळल्याने तिथला रंग आधी फुगतो, मग पोपडे धरतो. खालच्या वीतभर भागात लोणा लागलेला असेल, म्हणजे विटेतले क्षार पांढऱ्या भुकटीसारखे बाहेर आले असतील, तर नुसती लांबी भरून भागत नाही. ओल कुठून येते ते शोधून आधी ती थांबवावी. हे काम कंटाळवाणे असल्याने बहुतेक जण ते टाळतात आणि दोन वर्षांनी रंगाच्या कंपनीला शिव्या घालतात.

भिंत खरवडताना थर उलटे सुटतात. इथे सर्वांत वर क्रीम इमल्शन निघाले, त्याखाली पिस्ता रंगाचे सुके डिस्टेंपर. ते खडूची भुकटी आणि सरस यांचे असते, ओल्या हाताने पुसले तर हाताला लागते, आणि शाळेच्या पांढऱ्या शर्टाची पाठ पिस्ता करते. त्याखाली चुना. त्या थरावर पाण्याचा हबका मारला तेव्हा खोलीत पहिल्या पावसाचा नव्हे, दिवाळीच्या आधीच्या आठवड्याचा वास आला.

चुना हा खानदेशातल्या घरांचा दीर्घकाळ चाललेला रंग आहे, आणि त्याचे रसायन कुठल्याही महागड्या रंगाहून मजेदार आहे. भट्टीतून आलेला कळीचा चुना पाण्यात टाकला की फसफसून तापतो. तो विरला की गाळून भिंतीला द्यायचा. भिंतीवर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा दगड होतो. भट्टीत जाण्याआधी जो होता तोच, कॅल्शियम कार्बोनेट. म्हणून ओला चुना पारदर्शक, पाणचट दिसतो आणि वाळता वाळता पांढरा पडत जातो. या मुलाची आजी धुळ्याला राहायची, १८१९ साली कॅप्टन ब्रिग्ज यांनी सरळ रेषांत आखून वसवलेल्या भागात, जिथे पत्ता अजून गल्लीच्या नंबराने सांगतात. ती चुन्यात नीळ घालायची तेव्हा आधी एका विटेवर कुंच्याने पट्टा ओढायची आणि वीट उन्हात ठेवून द्यायची. “ओल्याला काय पाहतो? वाळू दे मग बोल,” असे म्हणून ती दुसऱ्या कामाला लागायची. वीट वाळेपर्यंत कोणी काही बोलायचे नाही. शेड कार्डाच्या आजच्या कारभारापेक्षा ही पद्धत अधिक शास्त्रशुद्ध होती, यात शंका नाही.

नीळ घालण्याचे कारण साधे आहे. चुना किंचित पिवळसर असतो. निळा त्या पिवळेपणाला मारतो आणि डोळ्याला भिंत जास्त पांढरी वाटते. धोतरालाही नीळ याच कारणाने. मात्र किराणा दुकानातल्या पुडीतली ही नीळ झाडाची नव्हे. नाव तेवढे जुन्या झाडाचे राहिले, पुडीतला पदार्थ अल्ट्रामरीन. तो मुळात अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडातून काढत आणि सोन्याच्या बरोबरीने मोजत. १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेने हा निळा कृत्रिमरीत्या करून दाखवणाऱ्याला सहा हजार फ्रँकचे बक्षीस लावले, १८२८ मध्ये ते गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाला मिळाले, आणि पुढे हा निळा स्वस्त होत होत धुणे-भांड्यांच्या सामानात जाऊन बसला. अल्ट्रामरीन आम्लात उडतो, पण चुन्याच्या तीव्र अल्कलीत टिकतो. आजीला हे माहीत असण्याची गरज नव्हती.

जळगावपासून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याच्या लेण्यांत, पाचव्या शतकातल्या चित्रांमध्ये हाच लाजवर्दी निळा आहे. बाकीचे रंग जवळपासचे: गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, आणि बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारी हिरवी माती. निळा तेवढा हजारभर मैलांवरून आलेला. तेव्हा धुळ्याच्या गल्लीतली म्हातारी विटेवर जो पट्टा ओढत होती, त्यातला निळा रासायनिकदृष्ट्या अजिंठ्याचाच होता. चार-आठ आण्यांचा, एवढाच फरक.

पांढऱ्याशिवाय दुसरा रंग हवा असेल तर आकार आणि परावर्तन यांचा विचार करावा. स्वच्छ पांढरा अंगावर पडलेल्या उजेडापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक परत फेकतो, फिका क्रीम थोडा कमी, गडद निळा किंवा गडद करडा जेमतेम दहा. बंद खिडकीच्या खोलीत हा फरक विजेच्या बिलात आणि डोळ्यांत दोन्हीकडे दिसतो. शिवाय लहान खोलीत एका भिंतीचा रंग समोरच्या भिंतीवर पडतो, तिचा पुन्हा हिच्यावर. म्हणून कार्डावर सौम्य वाटलेला पोपटी चारही भिंतींवर चढला की खोलीत बसलेला माणूस आजारी दिसतो. निवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी छटा घ्यावी. ऑनलाइन मीटिंगसाठी पाठीमागची भिंत अगदी पांढरीफेक असली, तर कॅमेरा उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. तिथे किंचित मळका पांढरा बरा. आतल्या भिंतीच्या रंगाने खोली थंड किंवा गरम होत नाही. त्यासाठी बाहेरची भिंत आणि गच्ची पाहावी. गच्चीला उन्हाळ्यापूर्वी चुना मारण्यात जो शहाणपणा आहे तो आत ‘थंड’ रंग देण्यात नाही.

रंगांच्या नावांबद्दल एक तक्रार इथे नोंदवणे भाग आहे. याच शहरात साडीच्या दुकानात गेले तर मोतिया, बदामी, श्रीखंडी, अबोली, अंजिरी, चिंतामणी, गुलबक्षी, मोरपंखी अशी नावे फेकली जातात आणि गिऱ्हाईक व दुकानदार दोघांच्या डोळ्यांपुढे एकच रंग उभा राहतो. तीच बाई शेजारच्या रंगाच्या दुकानात शिरली की तिच्या हातात चार आकडी नंबर आणि इंग्रजी नाव येते: कुठले धुके, कुठले हिम, कुठल्या समुद्राची वाळू. हिमाचे नाव ज्याने ठेवले त्याला मे महिन्यात दुपारी भुसावळच्या फलाटावर उभे करावे. पेंटर मंडळी अजून आकाशी, मोतिया, पिस्ता, बदामी म्हणतात. खानदेशी बोलीत ळचा य होतो. वयस्क पेंटर काळ्याला ‘काया’ म्हणतो आणि त्या एका अक्षराने तो रंग थोडा मऊ होतो.

या खोलीसाठी मुलाने दुकानात ‘नीळ मारलेला चुना’ मागितला. काउंटरवरच्या मुलाने संगणकात शोधले, नव्हता. सोबत आलेल्या पेंटरने मात्र मान डोलावली, पांढऱ्या इमल्शनचा डबा आणि निळ्या स्टेनरची लहान बाटली घेतली आणि घरी येऊन थेंब मोजत कालवला. स्टेनरमधला निळा वेगळ्या कुळातला आणि फार तीव्र असतो. एक थेंब जास्त झाला तर भिंत दवाखान्याची होते. त्याने पुठ्ठ्यावर पट्टा ओढला, वाळवला, ट्यूब लावून पाहिला आणि आणखी एक थेंब टाकला.

फिनिशबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. संगणकाच्या पडद्यावर चमक येऊ नये म्हणून मॅट घ्यावा. हात लागतो तिथे धुता येईल असा. सरकारी कचेऱ्यांत चार फुटांपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा असतो, तो घरी नको. जुना ऑइल पेंट खरवडायचा असल्यास भिंत ओली करून, नाकाला फडके बांधून खरवडावा, कारण घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत ते कितीही असू शकते.

आता डागाचा उपाय. सोड्याच्या पाण्याने वरचे तेल धुवावे, वाळू द्यावे, पॉलिश पेपरने घासावे आणि मग वर तेल येऊ न देणारा थर द्यावा. पेंटरने ऑइल प्रायमरऐवजी चपडा सुचवला. “भाऊ, स्पिरिटमध्ये चपडा लाख भिजवतो, दोन हात मारतो. मग बापजन्मात डाग वर नाही यायचा.” बापजन्मात हा शब्द त्याने सवयीने वापरला होता.

चपडा लाख म्हणजेच शेलॅक, आणि भिंतीवर शेलॅक हा विषय निघाला की अजिंठ्याला परत जावे लागते. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ आणवले. त्यांनी सुटत चाललेली चित्रे भिंतीला पक्की केली, आणि वर शेलॅकचे वार्निश दिले. काळाने ते वार्निश पिवळे, मग तपकिरी पडले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची बरीच वर्षे ते उतरवण्यात गेली. त्याच्याही आधी, १८४४ पासून, मेजर रॉबर्ट गिल याच उन्हात राहून या चित्रांच्या नकला करत होते. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवलेल्या त्यांच्या नकला १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. अजिंठ्याच्या नकलाकाराची कबर रेल्वेच्या गावात का, असे विचारणारे लोक तिथे फारसे जात नाहीत.

रंगाच्या खाली दिलेला चपडा पिवळा पडला तरी दिसत नाही, म्हणून घरच्या भिंतीवर त्याला हरकत नसते. तरी मुलाने पेंटरला एक दिवस थांबायला सांगितले. संध्याकाळी पाचला पुठ्ठा काढला. तिरपे ऊन समोरच्या भिंतीवर पडले. डागाच्या कडा खालच्या बाजूला गडद आणि वर विरळ होत्या, आणि मधोमध, जिथे डोके सर्वांत जास्त टेकत असे, तिथे गिलावा झिजून किंचित गुळगुळीत झाला होता. मुलाच्या नव्या खुर्चीला जाळीची पाठ आणि डोक्यामागे उशी आहे. तिला भिंत लागत नाही. दुसऱ्या दिवशी पेंटरने चपड्याचे दोन हात मारले. घासताना मधला गुळगुळीत भाग तेवढा सोडायला त्याला सांगावे लागले, आणि त्याने कारण विचारले नाही.

रंग किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. या खोलीच्या चार भिंती ३४२ चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता तीनशे. दोन हातांना लिटरमागे साठ-सत्तर चौरस फूट धरले तर सव्वाचार ते पाच लिटर. काम दिवाळीनंतर काढावे. पावसाळ्यात भिंत वाळत नाही, आणि मे महिन्यात रंग कुंचल्यावरच वाळतो. थेंब मोजून कालवलेला रंग पुन्हा तसाच होत नाही, म्हणून डागडुजीपुरता अर्धा लिटर झाकण घट्ट लावून ठेवावा आणि डब्यावर प्रमाण, महिना आणि खोली लिहून ठेवावी. या घरातला डबा माळ्यावर आहे. त्यावर निळ्या शाईत थेंबांचा आकडा आहे, ‘डिसेंबर’ आहे, आणि खाली एक ओळ: पूर्वेची भिंत, आत चपडा आहे, खरवडू नये.