फिसकारण्याआधी

गेल्या पावसाळ्यापासून मला मांजराचं फिसकारणं पुरतं ऐकू येत नाही. वयानं कानाची वरची पट्टी आधी जाते आणि फिसकारण्याचा जीव तिथंच असतो. आता सिनेमाच्या ध्वनिमिश्रणात ती पट्टी माझी सहायक सांभाळते. ती "सर, टोचतंय" म्हणाली की मी आवाजाचा फेडर खाली घेतो.

पण माझी खरी झटापट मांजराच्या चालण्याशी आहे. कुत्र्याची नखं फरशीवर टकटकतात. मांजर नखं आत ओढून चालतं, मागचा पायही जवळपास पुढच्याच्या जागी टाकतं. मग फोली, म्हणजे पडद्यावरच्या हालचालीचा स्टुडिओत काढलेला आवाज, करायची कशाची? कर्जतला आमच्या पत्र्यावर बोका उतरतो तेव्हा पुढचे पाय जेमतेम लागतात, लगेच मागच्यांचा दबका धप्प, आणि नंतर काहीच नाही. ते 'काहीच नाही' मला हवंय. माइक लावला की त्यात बेडूक भरतात. स्टुडिओत नुसती शांतता लावली तर आवाज गेल्यासारखा वाटतो.

१९४२च्या 'कॅट पीपल'मध्ये दिग्दर्शक जाक तुर्नर आणि संकलक मार्क रॉब्सन यांनी ते साधलं. रात्रीच्या रस्त्यावर बाईच्या मागं टाचा वाजत येतात आणि मध्येच थांबतात. ते थांबणंच ऐकू येतं. मग श्वापदासारखा फिस्स, आणि पडद्यावर शिरते बस! कर्जत स्टेशनात बोरघाटासाठी गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, ब्रेकची हवा सुटते, तेव्हा माझ्या अंगावर अजून काटा येतो.

आपल्याकडे भयपट काढणाऱ्या रामसे घराण्यात ध्वनीची बाजू किरण रामसे बघायचे. त्या घराण्याच्या 'पुराना मंदिर'ला (१९८४) भडक म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी भांडतो. रामगोपाल वर्मांच्या 'रात'मध्ये (१९९२) मेलेलं मांजर पुन्हा घरात दिसतं. त्याचं साधं दिसणंच पुरेसं होतं. आता ध्वनी-लायब्ररीतली तीच ती किंकाळी उचलून जिथं तिथं चिकटवतात. प्रेक्षक दचकतो, घाबरत नाही.

मला हाव आहे ती वेगळीच. काळोखात अख्ख्या थिएटरनं श्वास रोखावा, आणि तो नटीमुळे किंवा कॅमेऱ्यामुळे नव्हे, माझ्यामुळे. कान गेले तरी ही हाव जात नाही.

म्हणून दिग्दर्शकांकडे एकच मागणं आहे: मांजर येण्याआधी संगीत दोन सेकंद थांबवा. तेवढी जागा मला द्या.